अगं, ते ‘हे’ कुठं ठेवलंयस?

संध्याकाळी सातचा सुमार. कुकरची दुसरी शिट्टी झालेली, गॅसवर फोडणी तडतडतेय आणि घराच्या तीन कोपऱ्यांतून तीन हाका एकदम येतात. ‘अगं, माझं ते हे कुठं ठेवलंयस?’ ‘आई, ती वही दे ना!’ ‘सूनबाई, मधला डबा आण गं जरा.’

आता गंमत बघा. तिघांपैकी एकानंही वस्तूचं धड नाव घेतलेलं नाही. तरी तुम्ही यजमानांना चष्मा नेऊन देता, लेकीपुढं गणिताची वही टाकता आणि सासूबाईंच्या हातात हिंगाचा डबा देता. कुणी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं हो?’ तर तुम्ही म्हणाल, ‘कळतं! त्यात काय एवढं?’

त्यात पुष्कळच आहे, भगिनींनो! कारण हेच शब्द दुसऱ्या दिवशी भांडणाला कारण होतात. ‘मधला डबा म्हणजे वरच्या फळीवरचा मधला, हे सांगायला नको?’ ‘इतकी वर्षं या घरात आहेस, अजून कळत नाही?’ सांगणाऱ्याला वाटतं, ऐकणारीचं लक्ष नाही. ऐकणारीला वाटतं, सांगणाऱ्याला सांगता येत नाही. बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं आणि दोघांचंही थोडं चुकलेलं असतं. एखादी वस्तू दुसऱ्याला ‘हीच ती’ अशी ओळखू यावी म्हणून आपण शब्द कसे निवडतो, याचा अभ्यास जगभरातल्या मानसशास्त्रज्ञांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी गेली साठ-सत्तर वर्षं केला आहे. त्यातलं पुष्कळसं आपल्या स्वयंपाकघराला लागू पडतं. म्हणून आज त्याविषयी थोडं.

एका वस्तूची दहा नावं

ओट्यावरचं एक साधं स्टीलचं पातेलं घ्या. ते ‘भांडं’ आहे, ‘पातेलं’ आहे, ‘दुधाचं पातेलं’ आहे, ‘मोठं पातेलं’ आहे, ‘आईनं रुखवतात दिलेलं’ आहे, ‘तळाला काळं झालेलं’ आहे आणि नुसतं ‘ते’सुद्धा आहे. सगळी नावं खरी. मग आपण कुठलं घेतो?

रॉजर ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५८ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता: वस्तूला नाव कुठलं द्यायचं? त्याचं म्हणणं असं की, ऐकणाऱ्याला त्या वस्तूचं जे करायचं आहे, त्याला पुरेल एवढंच नाव आपण देतो. लहान मुलाच्या हातात नाणं दिसलं तर आपण ‘पैसा तोंडात घालू नकोस’ म्हणतो. ते दोनचं की पाचचं हे त्याला सांगत नाही, कारण त्याला अजून सगळी नाणी सारखीच. तेच मूल दुकानात जायला लागलं की मात्र नुसतं ‘पैसे’ म्हणून भागत नाही.

आपल्याकडची डाळच पाहा ना. जेवायला बसलेल्या पाहुण्याला ‘डाळ वाढू का?’ एवढं पुरतं. पण यजमानांना किराणा आणायला पाठवताना ‘डाळ आणा’ म्हणालात, तर ते हरभऱ्याची घेऊन येतील आणि वर म्हणतील, ‘डाळच म्हणाली होतीस!’ त्यांचं काय चुकलं? दुकानात डाळी पाच प्रकारच्या होत्या. तुमच्या मनात मात्र एकच होती.

पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत संभाषणाचे काही साधे दंडक मांडले. पहिला दंडक अगदी आजीबाईंच्या तोंडी शोभेल असा: गरजेपुरतं सांगावं, कमी नको आणि जास्तही नको. कमी सांगितलं तर ऐकणारा चुकतो हे उघड आहे. जास्त सांगितलं तर? घरात एकच कात्री असताना ‘ती लाल मुठीची कात्री आण’ म्हटलं, तर आणणारा क्षणभर थांबतो. दुसरी कात्री आली की काय घरात?

पण हा दंडक फार काटेकोर धरू नका. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की माणसं गरजेपेक्षा थोडं जास्तच सांगतात, विशेषतः रंग. आणि पुष्कळदा ते उपयोगीच पडतं. गच्च भरलेल्या कपाटात ‘ओढणी’ शोधण्यापेक्षा ‘पिवळी ओढणी’ लवकर सापडते, मग कपाटात ओढणी एकच का असेना! डोळा आधी रंगावर जातो.

नाव दोघांनी मिळून ठरतं

आता एक छान प्रयोग सांगते. हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज या दोघांनी तो १९८६ साली प्रसिद्ध केला. दोन माणसांच्या मध्ये पडदा. दोघांपुढं तीच बारा चित्रं. चित्रंही कशी, तर कागदाचे तिकोनी-चौकोनी तुकडे जोडून केलेल्या वेड्यावाकड्या आकृत्या, ज्यांना कुठलंच ठरलेलं नाव नाही. एकानं वर्णन करायचं आणि दुसऱ्यानं आपली चित्रं त्याच क्रमानं लावायची. असं सहा वेळा.

पहिल्या फेरीत एकेका चित्राला सरासरी एकेचाळीस शब्द लागले. ‘बर्फावरून घसरत चाललाय बघ एक माणूस, हात पुढं केलेत…’ ‘पाय कुठल्या बाजूला?’ ‘हां, तोच!’ असं लांबलचक चाललं. सहाव्या फेरीला किती शब्द लागले असतील? सरासरी आठ! त्या आकृतीचं नुसतं ‘बर्फावरचा’सारखं एक सुटसुटीत नाव पडून गेलं होतं. ते नाव एकट्या सांगणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं. त्यानं सुचवायचं, ऐकणाऱ्यानं ‘म्हणजे असा का?’ म्हणून दुरुस्त करायचं, मग दोघांनी मान डोलवायची. नाव हा दोघांमधला छोटासा करार होता.

आपल्या घरात असे शेकडो करार असतात. जिन्याखालची जागा म्हणजे ‘अंधारी’, सुट्या पैशांचा डबा म्हणजे ‘बँक’. आणि हे करार एकदा झाले की मोडता मोडत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी वाढवलेली खोली अजून ‘नवी खोली’ असते, तिचे पोपडे उडाले तरी! धाकट्या दिरांची बायको नातवंडं खेळवायला लागली तरी ‘नवी काकू’च राहते. ‘मोठं पातेलं’ म्हणतात त्याच्याहून मोठं पातेलं घरात येतं, पण नाव जुन्याचंच चालू राहतं आणि नव्याला ‘ते लग्नातलं’ म्हणायची वेळ येते.

याचीही तपासणी झालेली आहे. १९९६ साली सुसान ब्रेनन आणि क्लार्क यांनी दाखवलं, की दोघांचं एकदा एक नाव ठरलं की पुढं गरज नसतानाही माणसं तेच वापरत राहतात. माणूस बदलला तर मात्र नव्यानं नाव शोधतात. पुढं २००३ साली आणखी एक गोष्ट दिसली. ठरलेलं नाव त्याच माणसानं मध्येच बदललं, तर ऐकणाऱ्याला वस्तू शोधायला जास्त वेळ लागतो. तेच नवं नाव एखाद्या परक्यानं घेतलं तर मात्र तसा घोळ होत नाही. म्हणजे ‘काल जिला बरणी म्हणालात, तिला आज सट म्हणता, मग मला कसं कळणार?’ ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे!

नव्या सुनेची परीक्षा

पण या घरगुती करारांची एक दुसरी बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जी करार करताना तिथं नव्हतीच, तिचं काय?

लग्न होऊन घरात आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात ऐकते, ‘अंधारीतल्या वरच्या बँकेतून वीस रुपये काढ आणि दारातल्या मावशींना दे.’ तिला यातलं काय कळणार? ती गोंधळून उभी राहते. कुणीतरी हसतं, कुणीतरी म्हणतं, ‘वेंधळीच आहे जरा.’ खरं म्हणजे ती मुळीच वेंधळी नाही. तिच्या माहेरी तिला डोळे झाकून सगळं सापडत होतं. तिला इथली भाषा अजून कुणी शिकवलेली नाही एवढंच. मराठी बोलणाऱ्या दोन घरांतसुद्धा भाषा दोन असतात!

त्यातून ती दुसऱ्या भागातली असेल तर विचारूच नका. नागपूरकडची सून पुण्याच्या सासरी म्हणते, ‘भाजीवर सांबार टाकू का?’ सासूबाई चकित! वांग्याच्या भाजीवर सांबार? विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना कोण सांगणार? तिकडं ‘कोहळं’ म्हणजे आपला लाल भोपळा; इकडं कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात तो. खानदेशात त्याच लाल भोपळ्याला डांगर म्हणतील. मुंबई-कोकणात टोप, पुण्याकडं पातेलं, मराठवाड्यात भगुणं, नागपूरकडं गंज. दूध त्यात सगळीकडं सारखंच उतू जातं!

यावर उपाय काय? तोही एका प्रयोगातच सापडतो. १९८७ साली एलन आयझॅक्स आणि क्लार्क यांनी न्यूयॉर्क शहराची चित्रं घेऊन जोड्या बसवल्या. काही माणसं त्या शहराची चांगली माहितगार, काही अगदी नवखी. समोरचा माहितगार आहे की नवखा, हे दोघांनाही पहिल्या दोन-चार वाक्यांतच कळत असे. मग माहितगार माणूस नुसतं इमारतीचं नाव न सांगता, ती दिसते कशी हेही सांगायचा. नाव आणि वर्णन असं जोडीनं. आणि ऐकता ऐकता नवखा माणूस ती नावं शिकून जायचा.

आपणही तेच करावं. ‘अंधारीतून आण’ असं न म्हणता ‘जिन्याखाली जागा आहे ना, तिला आम्ही अंधारी म्हणतो, तिथून आण’ म्हणावं. एकदाच सांगावं लागतं. दुसऱ्या वेळी ती स्वतः ‘अंधारी’ म्हणेल, आणि त्या दिवशी ती त्या घरची झाली असं समजा. घरकामाला नव्यानं आलेल्या मावशींना, परगावाहून शिकायला आलेल्या भाचीला, सुनेच्या बाळंतपणाला येऊन राहिलेल्या विहीणबाईंना, सगळ्यांनाच हे लागू आहे. नवख्या माणसाला सारखं विचारायची लाज वाटते. म्हणून सांगण्याचं काम जुन्या माणसाचं.

आपल्याला दिसतं ते त्यांना दिसत नाही

सांगताना आपली सगळ्यांत मोठी चूक कुठली, ठाऊक आहे? आपल्या डोळ्यांपुढं जे आहे ते ऐकणाऱ्याच्याही डोळ्यांपुढं आहे असं धरून चालणं.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक मजेदार प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी नक्की ओळखली जातील. एकशेवीसपैकी ओळखली गेली किती? फक्त तीन! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरावटीसकट चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुम्ही आज घरी करून बघा. मुलांना फार आवडेल.

ऐकणाऱ्याचंही असंच होतं बरं का. शिकागो विद्यापीठातल्या बोआझ केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक खणांचं कपाट दोन माणसांच्या मध्ये ठेवलं. काही खण सांगणाऱ्याच्या बाजूनं बंद, ऐकणाऱ्याच्या बाजूनं सगळे उघडे. सांगणाऱ्याला दोन मेणबत्त्या दिसतायत, ऐकणाऱ्याला तीन. सांगणारा म्हणतो, ‘लहान मेणबत्ती सरकव.’ ऐकणाऱ्याची नजर पुष्कळदा आधी त्या सगळ्यांत लहान मेणबत्तीवर जायची, जी सांगणाऱ्याला दिसतच नाहीय! काही जण तर तिलाच हात घालायचे. समोरच्याला काय दिसतं याचा विचार माणूस करतो, पण जरा उशिरा करतो. पहिला विचार स्वतःच्याच डोळ्यांनी होतो.

लहान मुलांत हे फारच ठळक दिसतं. चार-पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी आकृत्या एकमेकांना सांगायला लावल्या, तेव्हा ती स्वतःला जे सुचलं तेच नाव सांगत आणि समोरचं मूल गोंधळून जाई. पण त्याच मुलाला त्यानं दिलेलं नाव परत सांगितलं, तर ते बरोबर चित्र उचलायचं. म्हणून तुमचा छोटू शाळेतून येऊन ‘आई, त्यानं मला ते दिलंच नाही’ असं सांगू लागला, तर रागावू नका. ‘कुणी? काय दिलं नाही?’ असं शांतपणे विचारा. समोरच्याला काय ठाऊक नाही हे ओळखायला मूल त्या प्रश्नांतूनच शिकतं.

आता फोनचं घ्या. हल्ली निम्मा संसार फोनवरून चालतो. ऑफिसातून तुम्ही घरी सांगता, ‘उजवीकडच्या कपाटात बघा.’ उजवीकडच्या म्हणजे कुणाच्या? दाराकडं तोंड केलं तर एक, ओट्याकडं केलं तर दुसरं! ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये गुगू यिमिथिर नावाची आदिवासी भाषा आहे. तिच्यात डावं-उजवं सांगतच नाहीत. पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर असंच सांगतात, अगदी जवळच्या वस्तूंबद्दलसुद्धा. आपल्या खेड्यांतही ‘उगवतीच्या अंगाला’, ‘मावळतीकडच्या भिंतीला’ असं म्हणतातच की! शहरातल्या फ्लॅटमध्ये दिशा कळत नसल्या तर ‘खिडकीच्या बाजूचं कपाट’, ‘फ्रिजच्या शेजारचं’ असं सांगावं. खिडकी काही कुणाच्या तोंडाबरोबर फिरत नाही.

पाककृती लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण. वाचणारी समोर नाही, तिचं स्वयंपाकघर दिसत नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घरोघरी पोचलं. त्यात वाटी-चमच्याची मापं आहेत. तराजू नसलेल्या घरातही वाटी असतेच. ऐकणारीच्या हाताशी जे आहे त्यावरून सांगणं, ते हे!

चूक परवडत नाही तिथं

हिंगाऐवजी हळद आली तर हसून सोडता येतं. पण औषधाचं काय?

समजा, तुमच्या सासूबाईंना सकाळी तीन गोळ्या आहेत. थायरॉईडची अनशापोटी, मग एक रक्तदाबाची, एक मधुमेहाची. तुम्ही चार दिवस बाहेरगावी जाताना मुलाला सांगता, ‘आजीला उठल्यावर ती पांढरी गोळी दे, नाश्त्यानंतर छोटी दे.’ तुमच्या डोळ्यांपुढं तिन्ही पाकिटं स्पष्ट आहेत. त्याच्या डोळ्यांपुढं मात्र तीन पांढऱ्या गोळ्या आहेत आणि त्यांतल्या दोन छोट्या आहेत! मधुमेहाच्या काही गोळ्या चुकून दोनदा गेल्या, तर रक्तातली साखर एकदम खाली येऊन माणसाला भोवळ येते, शुद्धही हरपू शकते.

शिवाय रंगाचा भरवसा नाही. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं की रंग निराळा, आकार निराळा. या महिन्यात गुलाबी मिळाली ती पुढच्या महिन्यात पांढरी मिळते. आजी म्हणतात, ‘ही माझी गोळी नव्हे,’ आणि बाजूला ठेवून देतात. हे नुसतं आजींचं खूळ नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोळीचा रंग बदलल्यावर औषध मध्येच थांबण्याचा संभव सुमारे एक तृतीयांशानं वाढलेला दिसला आणि आकार बदलल्यावर त्याहूनही जास्त. त्यांच्या मनात त्या औषधाचं नावच ‘गुलाबी गोळी’ असतं. गुलाबी गेली की औषधच गेलं.

म्हणून औषध रंगानं ओळखू नये, पाकिटावरच्या औषधाच्या नावानं ओळखावं. गोळ्या कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवावा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव, कशासाठी, किती वाजता आणि जेवणाआधी की नंतर, एवढं लिहून फ्रिजवर लावावं. गोळीचा रंग बदलून आला तर दुकानदाराला आतलं औषध तेच आणि तेवढ्याच ताकदीचं आहे ना, हे विचारून घ्यावं आणि आजींना पाकीट दाखवून सांगावं, ‘औषध तेच, झगा बदललाय.’ पातळ औषधाच्या बाबतीत ‘एक चमचा’ हा शब्द तर फारच फसवा. चहाचा चमचा निराळा, पोह्यांचा निराळा. बाटलीबरोबर आलेल्या टोपणावरची पाच मिलिलिटरची खूण दाखवून द्यावी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘कळलं ना?’ असं विचारू नये. त्याला उत्तर ‘हो’ हेच येतं. ‘आता तू मला सांग बघू, उठल्यावर कुठली देशील?’ असं विचारावं. विमानाचे चालकसुद्धा खालून आलेली सूचना परत म्हणून दाखवतात. मग आपल्या मुलानं म्हणून दाखवली तर त्यात कमीपणा तो कसला?

नाव न घेता आणि नाव घेऊन

आपल्या बायकांना मात्र या विद्येचे धडे कुणी द्यायला नकोत! नाव न घेता ओळख पटवणं ही तर आपली पिढीजात कला. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही, तरी ‘इकडून येणं झालं का?’, ‘स्वारी बाहेर गेलीय’ एवढ्यावर संसार केले. नाव घ्यायचंच तर उखाण्यात. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायचं, बांगडी फुटली की ‘वाढली’ म्हणायचं. ऐकणारीला बरोबर कळतं, कारण दोघींची समज एक.

पण त्याच चालीनं बाईचं स्वतःचं नाव मात्र हरवून गेलं. पंचवीस वर्षं एका इमारतीत राहूनही ती ‘पिंकीची आई’ किंवा ‘तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी’च असते. तिचं नाव काय, असं विचारलं तर शेजारणी एकमेकींकडं बघतात. ओळख पटायला ‘पिंकीची आई’ पुरेसं आहे, हे खरं. पण माणसाला पुरेसं आहे का? सरकारी कागदावर तरी आता थोडा बदल झाला आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली ठरवलं, की सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं लिहायचं. कागदावर आलं, आता तोंडात यायला हवं.

आणखी एक. लग्नाच्या मांडवात आपण सहज म्हणतो, ‘ती काळी उभी आहे ना, तिच्या शेजारची.’ ‘ती जाडी.’ ‘तो लंगडा.’ गर्दीत पटकन डोळ्यांत भरेल असं काहीतरी आपण पकडतो, एवढाच हेतू असतो. पण ते शब्द जिच्या कानावर पडतात, तिला वाटतं, आपली एवढीच ओळख! त्याच मुलीला ‘मोरपंखी साडीतली’ किंवा ‘मघाशी सुरेख गायली ती’ म्हटलं तरी ती तितकीच पटकन सापडेल. वस्तूला नाव देताना ती ऐकत नसते. माणूस ऐकत असतो, आणि त्याची मुलंही.

एवढं करून पाहा

या आठवड्यात चार गोष्टी करून बघा. सांगण्याआधी क्षणभर मनात विचारा, ‘तिथं तसलं आणखी काही आहे का?’ असलं तर एक खूण जास्त सांगा. दुसरी गोष्ट, नवख्या माणसाला नाव आणि वर्णन दोन्ही सांगा. तिसरी, फोनवर डावं-उजवं सोडून खिडकी, दार, फ्रिज धरा. आणि चौथी, औषध, पैसे आणि पत्ता या तीन गोष्टी परत म्हणून घ्या.

आणि ऐकणारीच्या बाजूनंही एक. ‘मधला डबा’ कळला नाही तर अंदाजानं काहीतरी नेऊन देण्यापेक्षा सरळ विचारावं, ‘मधला म्हणजे कुठला, आई?’ विचारण्यात वेळ जातो तो चार शब्दांचा. न विचारता जातो तो कधी कधी अख्खी संध्याकाळ!

यजमानांच्या ‘ते हे’चं काय करायचं, एवढं मात्र विचारू नका. ते ‘हे’ म्हणजे चष्मा, हे तुम्हालाच कळतं; शेजारणीला कळणार नाही. इतक्या वर्षांच्या सहवासाचा तो करार आहे. तो तसाच राहू द्या, आणि चष्मा टीव्हीवर नसेल तर त्यांच्या कपाळावर बघा!